जनरल कॉन्फरन्सला कोण जाणार? मेथडिस्ट चर्चमधली प्रतिनिधी निवडणूक

सुवर्णा_शार्लट

जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आमच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये (म्हणजे आमच्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळकांच्या आणि सभासदांच्या दरवर्षीच्या सभेत) येत्या जूनला २०२८ च्या जनरल कॉन्फरन्ससाठी प्रतिनिधी निवडायचे आहेत. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, इथल्या एका युनायटेड मेथडिस्ट मंडळीची सभासद आहे आणि मंडळीने मला वार्षिक कॉन्फरन्सची ले मेंबर, म्हणजे पाळक नसलेली सभासद, म्हणून निवडलंय. म्हणजे मला मत आहे. आजूबाजूच्या बऱ्याच सभासदांना ही निवडणूक म्हणजे जुन्याजाणत्यांना मान देण्याचा कार्यक्रम वाटतो. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

इथे सगळेच ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे आधी थोडी ओळख. या चर्चला पोप नाही, सगळ्यांच्या वरचा असा एक बिशपही नाही. बिशप पुष्कळ आहेत, पण जनरल कॉन्फरन्समध्ये ते फक्त अध्यक्षस्थानी बसतात. त्यांना मत नाही, आणि परवानगीशिवाय चर्चेत बोलताही येत नाही. सगळ्या चर्चच्या वतीने बोलायचा अधिकार एकट्या जनरल कॉन्फरन्सला आहे. ती साधारण चार वर्षांनी भरते, चर्चचं नियमांचं पुस्तक म्हणजे बुक ऑफ डिसिप्लिन दुरुस्त करते, बजेट ठरवते. घटनेनुसार प्रतिनिधी ६०० ते १००० च्या दरम्यान असतात. त्यातले निम्मे पाळक आणि निम्मे आपल्यासारखे मंडळीतले सभासद, ज्यांना ले डेलिगेट म्हणतात.

पाळकांना पाळक निवडतात आणि ले डेलिगेटना ले मेंबर निवडतात. दोन्ही मतदानं साधारण एकाच वेळी चालतात, मोजणी वेगळी. सभागृहातून कुणाचंही नाव सुचवता येतं. निवडून यायला बहुमत लागतं. पहिल्या फेरीत बहुमत कुणालाच मिळालं नाही तर दुसरी फेरी, मग तिसरी, जागा भरेपर्यंत. ले डेलिगेट व्हायला निवडणुकीआधी किमान दोन वर्षं चर्चचं सभासदत्व आणि किमान चार वर्षं चर्चच्या कामात प्रत्यक्ष सहभाग हवा. बाकी काही अट नाही. शिक्षणाची नाही, पदाची नाही.

आता मुद्द्याचं. पाळक एकमेकांना ओळखतात. एकत्र शिकलेले असतात, बदल्या होऊन एकमेकांच्या मंडळ्यांत गेलेले असतात, कोण कमिटीत काम करतं आणि कोण नुसतं भाषण करतं हे त्यांना ठाऊक असतं. आम्ही ले मेंबर मात्र वर्षातून एकदा त्या हॉलमध्ये भेटतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं नाव त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरून वाचतो. मग मत कुणाला? ज्याचं नाव आधी कानावर पडलंय त्याला, किंवा कुणीतरी हातात दिलेल्या यादीतल्यांना. सभागृहाचा निम्मा भाग असा अंदाजाने भरायचा?

२०२४ ची जनरल कॉन्फरन्स इथेच शार्लटला झाली, २३ एप्रिल ते ३ मे. मी प्रेक्षकांच्या जागेत बसून कामकाज पाहिलं. टीव्हीवर दिसतात ती मोठी मतदानं. पण खरं काम पहिल्या आठवड्यात कमिट्यांमध्ये होतं. सभासदांनी, मंडळ्यांनी पाठवलेला प्रत्येक ठराव तिथे ओळीओळीने वाचला जातो, त्यात दुरुस्त्या होतात. तिथे टिकणारा माणूस वेगळा असतो. तो शांत असेल, त्याला भाषण येत नसेल, पण तो पेन्शनच्या नियमातली एक ओळ बदलली तर झिंबाब्वेतल्या निवृत्त पाळकावर काय परिणाम होईल हे विचारतो. मला असा माणूस निवडायचाय.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. जनरल कॉन्फरन्स प्रवास, राहणं, जेवणाचा खर्च देते. बुडालेला पगार देत नाही. दहा-अकरा दिवस सलग रजा कुणाला मिळते? निवृत्तांना, स्वतःचा धंदा असलेल्यांना, चर्चच्याच ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना. तासावर पगार घेणारी नर्सिंग असिस्टंट, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कॉलेजातली मुलगी, यांची नावं सुचवली जातात आणि तेच हात जोडून नको म्हणतात. कागदावर निम्मं सभागृह सभासदांचं, पण सगळ्या सभासदांचं नाही.

तुमच्याकडे कसं चालतं? इथे अमेरिकेत आणि भारतात, दोन्हीकडचं ऐकायला आवडेल.

अनिकेत_क

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण वाचून कुतूहल वाटलं. तुम्ही जी हातात दिलेली यादी म्हणता ती आमच्या कोल्हापूर भागात सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल असतं तसलीच का? संपूर्ण पॅनेलला शिक्का मारा म्हणून सांगतात, आणि बहुतेक जण मारतात. चर्चमध्येही उघडपणे असं चालतं?

सुवर्णा_शार्लट

अनिकेत, हो, चालतं. छापील चिन्ह नसतं, प्रचारसभा नसतात, पण परंपरावादी, मध्यममार्गी, पुरोगामी अशा गटांच्या याद्या फिरतात. पूर्वी कागदावर, आता फोनवर. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये जितक्या जागा तितकी नावं भरावीच लागतात, कमीजास्त भरली तर मत बाद. मग ज्याला दोनच उमेदवार माहीत आहेत तो बाकीची नावं यादीतून उतरवतो. माझी तक्रार गटांबद्दल नाही. लोकांची मतं असणार, त्यांचे गट होणार. माणूस न बघता यादी भरण्याबद्दल आहे.

पाळक_मिशिगन

सुवर्णाताई, धागा मनापासून आवडला. मी इथे एल्डर, म्हणजे दीक्षित पाळक, म्हणून सेवा करतो, मूळचा मुंबईचा. पाळकांच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण आमच्याकडेही सगळं तितकं सरळ नाही.

पाळकांच्या मतदानात कोण मत देऊ शकतं आणि कोण उभं राहू शकतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभं राहता येतं फक्त पूर्ण दीक्षा झालेल्या एल्डर आणि डीकनना. मत मात्र त्यांच्याबरोबर असोसिएट मेंबरना, शिक्षणाची अट पूर्ण केलेल्या प्रोव्हिजनल मेंबरना, आणि नेमलेला अभ्यासक्रम संपवून सलग दोन वर्षं नेमणुकीवर काम केलेल्या लोकल पास्टरनाही आहे. आता बघा, खेड्यापाड्यातल्या छोट्या मंडळ्यांपैकी कितीतरी मंडळ्या हे लोकल पास्टरच सांभाळतात. आठवडाभर दुसरी नोकरी, रविवारी दोन-तीन ठिकाणी उपासना, मधल्या वेळात दफनविधी. त्यांना दुसऱ्यासाठी मत देता येतं, स्वतःला निवडून जाता येत नाही. छोट्या मंडळीचा आवाज सभागृहात कमी पडतो तो इथून.

यादीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ज्या गटाचे पाळक थोडे आहेत, मग ते कृष्णवर्णीय असोत, कोरियन असोत, लॅटिनो असोत की आपले दक्षिण आशियाई, त्यांनी आपसांत ठरवून एका नावावर मतं एकवटली नाहीत तर ते नाव बहुमतापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक फेरीत थोडं मागे, थोडं मागे, आणि शेवटी पर्यायी यादीत. या चर्चचा इतिहास विसरून चालणार नाही. १९३९ मध्ये तीन मेथडिस्ट चर्च एक झाले तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांना भूगोल न बघता सेंट्रल ज्युरिस्डिक्शन नावाच्या वेगळ्या विभागात टाकलं होतं. तो विभाग रद्द झाला १९६८ मध्ये, युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन झालं तेव्हा. अशा घरात 'माणूस बघून मत द्या' म्हणताना कुणाला माणूस म्हणून आधी बघितलं जातं हाही प्रश्न येतो. आमच्यासाठी यादी ही सोय नाही, कधीकधी एकमेव वाट आहे.

सुवर्णा_शार्लट

पाळकसाहेब, हे लिहिलंत ते फार बरं झालं. एका नावावर मतं एकवटणं आणि अनोळखी नावांनी रकाने भरणं यात फरक आहे असं मला वाटतं. पहिल्यात तुम्ही त्या माणसाला नीट ओळखता, त्याच्यासाठी झटता. त्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे.

लष्कर_पुणे

जय ख्रिस्त. आम्ही पुण्यातले मेथडिस्ट, पण भारतातले. थोडी भर घालतो, कारण इथले बरेच जण गोंधळतात.

आपल्या महाराष्ट्रात प्रोटेस्टंट म्हटलं की लोकांना अहिल्यानगर आठवतं. तिथल्या मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या, आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. मेथडिस्टांचं मूळ वेगळं. विल्यम बटलर १८५६ मध्ये आले आणि उत्तरेत बरेलीला काम सुरू झालं. मुंबई-पुण्याकडे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर यांच्या सभांमधून मंडळ्या उभ्या राहिल्या. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, तर ब्रिटिश परंपरेतले आत गेले. त्यामुळे दोन चुलतभाऊ दोन वेगळ्या चर्चमध्ये.

१९८१ पर्यंत आपण त्या अमेरिकन चर्चच्या जागतिक रचनेचा भाग होतो. त्या वर्षी मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं. आता आपली स्वतःची जनरल कॉन्फरन्स आहे, चार वर्षांनी भरते, खाली रिजनल कॉन्फरन्स, त्यातली आपली बॉम्बे रिजनल कॉन्फरन्स. तिथूनही पाळक आणि सभासद असे दोन्ही प्रतिनिधी जातात.

त्याआधीचीही एक आठवण अभिमानाने सांगावीशी वाटते. भारतातल्या मेथडिस्टांचे पहिले भारतीय बिशप जशवंतराव चितांबर. घराणं मूळचं मराठी, जन्म उत्तरेत, अलाहाबादचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते निवडले गेले, आणि त्यांना निवडलं ते इथल्याच सेंट्रल कॉन्फरन्सने (अमेरिकेबाहेरच्या भागाच्या सभेने), अमेरिकेतून नेमणूक होऊन आलेले नव्हते ते. मतपेटीला आपल्याकडेही जुना मान आहे.

सुवर्णाताईंना एक विचारायचं होतं. आपल्या चर्चचे लोक तुमच्या जनरल कॉन्फरन्सला बसतात का? आणि तिथे बिशपची निवड होते का, जशी आमच्याकडे होते?

पाळक_मिशिगन

दादा, उत्तर मी देतो. स्वायत्त पण संलग्न असलेल्या चर्चना, त्यात मेथडिस्ट चर्च इन इंडिया येतं, जनरल कॉन्फरन्सला एक पाळक आणि एक सभासद पाठवता येतो. बसता येतं, बोलता येतं, मत नाही. ग्रेट ब्रिटन, मेक्सिको, कॅरिबियन आणि अमेरिका विभाग, पोर्तो रिको, या चार चर्चशी वेगळा करार आहे, त्यांच्या प्रतिनिधींना मतही असतं. सगळे मिळून दहा जण.

बिशपची निवड जनरल कॉन्फरन्समध्ये होत नाही. अमेरिकेत पाच ज्युरिस्डिक्शन आहेत, तिथे होते. पण गंमत अशी की जनरल कॉन्फरन्सला निवडलेलेच लोक ज्युरिस्डिक्शनल कॉन्फरन्सलाही जातात, शिवाय त्यांच्या जोडीला आणखी काही जण. म्हणजे जूनमध्ये जे मत पडतं ते नियमांवरही पडतं आणि पुढचा बिशप कोण यावरही. सुवर्णाताईंनी हा मुद्दा लिहायला हवा होता, तो सगळ्यात वजनदार आहे.

जुनी_पानं

मी इतिहासाची विद्यार्थिनी, ख्रिस्ती घरातली. वरचा 'सभासदांचं सभागृह' हा मुद्दा वाचून राहवलं नाही. हे निम्मं सभागृह कुणी प्रेमाने दिलेलं नाही. मिळवायला शंभर वर्षांच्या आसपास लागली. जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला अमेरिकेतल्या मेथडिस्ट जनरल कॉन्फरन्सला प्रतिनिधी हा प्रकारच नव्हता. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला चर्चची स्थापना झाली, आणि पुढे जे फिरते पाळक घोड्यावरून पोहोचू शकत ते सगळे बसत. त्यामुळे बाल्टिमोर आणि फिलाडेल्फियाच्या आसपासच्यांचा भरणा व्हायचा. लांबच्या सरहद्दीवरचे, न्यू इंग्लंडचे पाळक मागे पडायचे. १८०८ मध्ये ठरलं की यापुढे प्रत्येक वार्षिक कॉन्फरन्स ठराविक प्रमाणात माणसं निवडून पाठवेल, आणि १८१२ मध्ये न्यूयॉर्कला पहिली निवडून आलेली जनरल कॉन्फरन्स भरली. दर पाच पाळकांमागे एक. सगळे पाळकच, सभासद एकही नाही.

१८२० च्या दशकात सभासदांनी आणि स्थानिक उपदेशकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. चर्च आमच्या वर्गणीवर चालतं, मंडळ्या आम्ही चालवतो, मग नियम बनवताना आम्ही कुठे? १८२८ च्या जनरल कॉन्फरन्सने मागणी फेटाळली, कित्येकांना चर्चमधून काढलं गेलं. त्यातून १८३० मध्ये मेथडिस्ट प्रोटेस्टंट चर्च वेगळं झालं, आणि त्यांनी पहिल्यापासून सभासदांना जागा दिली. बिशपच ठेवले नाहीत. केवळ प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर एक चर्च फुटलं, हे आजच्या मतदारांना माहीत असायला हवं.

यादवी युद्धानंतर दक्षिणेच्या मेथडिस्ट चर्चने आधी दार उघडलं. १८७० च्या त्यांच्या जनरल कॉन्फरन्सला सभासद बसले, तेही पाळकांच्या बरोबरीच्या संख्येने. उत्तरेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये १८७२ ला ब्रुकलिनमध्ये सभासद आले, पण प्रत्येक कॉन्फरन्सचे जेमतेम दोन. समान संख्या मिळायला १९०० साल उजाडलं.

आणि बायका? १८८८ मध्ये पाच जणी रीतसर निवडून आल्या. फ्रान्सिस विलार्ड, मेरी नाइंड, अँजी न्यूमन, अमांडा रिपी, लिझी व्हॅन कर्क. वार्षिक कॉन्फरन्सच्या मतदारांनी त्यांना निवडलं होतं. जनरल कॉन्फरन्स भरली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये, आणि सभागृहाने ठरवलं की सभासद म्हणजे पुरुष सभासद, तुम्हाला बसता येणार नाही. विलार्ड तेव्हा दारूबंदीच्या चळवळीची जगभर ओळखली जाणारी नेता होती. मेरी नाइंड त्या बायकांच्या मिशनरी सोसायटीची कार्यकर्ती, ज्या सोसायटीने डॉ. क्लारा स्वेन यांना बरेलीला पाठवलं आणि भारतातल्या बायकांसाठी दवाखाना काढला. हे काम चालेल, पैसा चालेल, खुर्ची नाही. खुर्ची मिळाली १९०४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. विलार्ड १८९८ लाच वारली होती. पाळक म्हणून बायकांना पूर्ण हक्क तर १९५६ पर्यंत नव्हते.

हे वाचल्यावर जूनमध्ये रकाने भरताना हात जरा थबकेल, इतकीच अपेक्षा.

मिनल_एम

रुमाल टाकून ठेवला होता, आता सगळं वाचलं. जुनी_पानं, मेरी नाइंडबद्दल अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद!

प्रश्न: पर्यायी प्रतिनिधी म्हणजे काय? आमच्या मंडळीतल्या एका काकूंचं नाव पर्यायी यादीत आलं होतं, आणि सगळे म्हणाले काही उपयोग नाही त्याचा.

सुवर्णा_शार्लट

मिनल, उपयोग नाही म्हणणाऱ्यांना २०१९ ते २०२४ या काळाचा हिशेब दाखव.

ज्युरिस्डिक्शनल कॉन्फरन्ससाठी जे जास्तीचे लोक निवडले जातात तेच क्रमाने जनरल कॉन्फरन्सचे पर्यायी असतात. मूळ प्रतिनिधी आजारी पडला, चर्च सोडून गेला, वारला, की पुढचा आत. २०२० ची जनरल कॉन्फरन्स मिनिआपोलिसला व्हायची होती, त्यासाठी प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी २०१९ मध्ये निवडले गेले. मग कोरोना आला. २०२१, मग २०२२, शेवटी २०२४. चर्चच्या न्यायमंडळाने सांगितलं की ही तीच पुढे ढकललेली सभा आहे, प्रतिनिधी तेच. त्या पाच वर्षांत समलैंगिकतेबद्दलच्या वादामुळे अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या चर्च सोडून गेल्या, त्यांच्याबरोबर निवडून आलेले कितीतरी जणही. त्या खुर्च्यांवर पर्यायी यादीतले बसले. म्हणजे २०१९ मध्ये ज्यांना लोकांनी शेवटच्या फेऱ्यांत, दमून, जेवणाच्या सुट्टीकडे बघत मतं दिली, त्यांनी २०२४ चे निर्णय घेतले. शेवटच्या फेऱ्या पहिल्या फेरीइतक्याच गंभीरपणे घ्या, हे मी प्रत्येकाला सांगत असते.

पाळक_मिशिगन

यात आणखी एक जोडतो. फेब्रुवारी २०१९ च्या सेंट लुईसच्या खास अधिवेशनात, मंडळ्यांना चर्च सोडून जाता यावं की नाही या ठरावावर एक महत्त्वाचं मतदान ४०२ विरुद्ध ४०० ने झालं. दोन मतं. नंतरच्या चौकशीत निघालं की जे रीतसर प्रतिनिधी किंवा पर्यायी नव्हते अशा चार जणांनी गैरहजर प्रतिनिधींच्या नावावर मतं दिली होती. जनरल कॉन्फरन्सच्या आयोगाने ते मतदान बाद ठरवलं. बाहेर पडण्याची ती तरतूद मात्र चालूच राहिली, आणि पुढे काय झालं ते सुवर्णाताईंनी वर लिहिलंच आहे. पर्यायी यादी आणि तिची नीट नोंद ही कारकुनी बाब नाही.

ओक्लाहोमा_घर

मी सोडून गेलेल्यांपैकी. आमची मंडळी मतदान करून ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेली. २०२२ च्या १ मेला ते चर्च सुरू झालं, पहिली जनरल कॉन्फरन्स २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कोस्टा रिकात भरली.

धागा शांतपणे चाललाय म्हणून लिहायचं धाडस करतोय. २०१९ ला सेंट लुईसमध्ये परंपरावादी योजना, म्हणजे समलैंगिक पाळक आणि विवाहांवरची बंदी कायम ठेवणारी, ४३८ विरुद्ध ३८४ ने मंजूर झाली. आम्हाला वाटलं प्रश्न मिटला. पण चार महिन्यांत वार्षिक कॉन्फरन्सच्या निवडणुका झाल्या आणि अमेरिकेत ठिकठिकाणी मध्यममार्गी आणि पुरोगामी उमेदवार निवडून आले. आमच्या मंडळीतले थोरले त्या जूनमध्ये म्हणत होते, ठराव झालाय, आता कशाला धावपळ. सुवर्णाताई म्हणतात ते मला म्हणूनच पटतं: ठराव सभागृहात होतो, पण ठरतो वार्षिक कॉन्फरन्सच्या मतपत्रिकेवर. २०२४ ला समलैंगिक पाळकांच्या दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ ने उठली, तेव्हा तो निकाल बऱ्याच अंशी पाच वर्षांपूर्वीच लागलेला होता.

माझं मत बदललेलं नाही. पण ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला तिथल्या लोकांशी अजून बोलतो, प्रार्थनेत नावं घेतो.

सुवर्णा_शार्लट

दादा, तुमचं इथे स्वागतच आहे. माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. बंदी उठली त्या दिवशी मी त्या हॉलमध्ये रडले होते, आनंदाने, कारण माझ्या ओळखीचे काही तरुण पाळक होण्याची वाट बघत थांबले होते. पण मत नीट विचारून द्यावं, यावर आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

हरारे_डायरी

मी कामानिमित्त झिंबाब्वेत राहतो. इथून एक बाजू राहून गेलीय ती मांडतो.

झिंबाब्वेत युनायटेड मेथडिस्ट चर्च मोठं आहे, मुतारेजवळ १९९२ मध्ये सुरू झालेली आफ्रिका युनिव्हर्सिटीही त्यांचीच. २०२० साठी ८६२ प्रतिनिधी ठरले, त्यात अमेरिकेचे ४८२ आणि आफ्रिकेचे २७८. आफ्रिकेतली सभासदसंख्या अमेरिकेच्या जवळपास पोहोचलेली असताना हे प्रमाण कसं? कारण जागावाटप दोन आकड्यांवर होतं: सभासद किती आणि पाळक किती. अमेरिकेत सभासदांच्या मानाने पाळक जास्त, त्यामुळे त्यांच्या जागा वाढतात. इकडे एकेक पाळक मोठमोठ्या मंडळ्या सांभाळतो, त्याचा तोटा जागांमध्ये होतो.

त्यावर व्हिसा. निवडणूक होते, नाव कळवलं जातं, निमंत्रणपत्र येतं, दूतावासात तारीख मिळत नाही. किंवा मिळते आणि मुलाखतीत नकार. शार्लटच्या वेळी आफ्रिकेतल्या बऱ्याच प्रतिनिधींच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पर्यायी यादीतल्याला शेवटच्या आठवड्यात बोलावून काय होणार, त्यालाही व्हिसा लागतोच. जुनी_पानं यांनी १८०८ चं लिहिलंय, बाल्टिमोरच्या जवळचे जास्त, लांबचे कमी. मला ते वाचून आजचंच वाटलं.

म्हणून इथल्या काही मंडळींना वाटतं की निवडणूक लवकर घ्यावी, मुदतीच्या पहिल्या वर्षीच, म्हणजे कागदपत्रांना वेळ मिळेल. नियमाने शेवटच्या वार्षिक अधिवेशनापर्यंत थांबावं लागत नाही, आधीच्या अधिवेशनातही निवडता येतं.

लष्कर_पुणे

हरारेकर, लवकर निवडणूक हा मुद्दा फार योग्य. आणि प्रादेशिक रचनेचं काय झालं? २०२४ ला काहीतरी घटनादुरुस्ती झाली होती ना?

हरारे_डायरी

झाली. सभागृहात ५८६ विरुद्ध १६४. पण घटनादुरुस्तीला सभागृहाचे दोन तृतीयांश पुरत नाहीत, नंतर जगभरच्या वार्षिक कॉन्फरन्समधल्या एकूण मतांचेही दोन तृतीयांश लागतात. ती मंजुरी २०२५ मध्ये मिळाली, त्याहून कितीतरी जास्त मतांनी. आता अमेरिका हाही एक प्रदेश, आफ्रिका, फिलिपिन्स आणि युरोपमधल्या प्रदेशांसारखाच, आणि आपापल्या भागाचे बरेच नियम आपापल्या ठिकाणी करता येतील. पूर्वी जनरल कॉन्फरन्सचा कितीतरी वेळ केवळ अमेरिकेच्या प्रश्नांत जायचा आणि इकडचे प्रतिनिधी तासन् तास ऐकत बसायचे.

अनिकेत_क

म्हणजे जनरल कॉन्फरन्सचं महत्त्व आता कमी होणार का? मग कोण जातंय याने इतका फरक पडेल का?

पाळक_मिशिगन

अनिकेत, काम कमी होईल, वजन नाही. श्रद्धेची सूत्रं, घटना, जागतिक बजेट, कुठल्या प्रदेशाला किती बिशप, हे सगळं तिथेच राहणार. आणि निवडलेली माणसं प्रादेशिक पातळीवरही बसणार. उलट आता जगाचं काय आणि आपल्या भागाचं काय हे वेगळं करता येणारी माणसं लागतील.

सुवर्णा_शार्लट

सगळ्यांचे आभार. वाचता वाचता मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या ले मेंबरसाठी एक पत्रक तयार करतेय. उमेदवारांची छापील माहिती येते, पण तिच्यात शिक्षण, नोकरी, कमिट्यांची नावं असतात, माणूस कळत नाही. म्हणून मेमध्ये ऑनलाइन बैठक घ्यायची, उमेदवारांना बोलवायचं आणि हे विचारायचं: नियमांच्या पुस्तकातलं कुठलं एक कलम बदलावं असं वाटतं आणि का? तुमच्या मताच्या विरुद्ध मत असलेल्या माणसाबरोबर कमिटीत कुठलं काम तडीस नेलंय? अमेरिकेबाहेरच्या मंडळीशी तुमचा काही प्रत्यक्ष संबंध आहे का? परत आल्यावर मंडळ्यांमध्ये जाऊन अहवाल देणार का?

दुसरं, रजेचं. पगार बुडतो म्हणून जे नको म्हणतात त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्टमधल्या मंडळ्यांनी मिळून छोटा निधी उभा करावा असा ठराव मी मांडणार आहे. आमच्या मंडळीच्या कौन्सिलने पाठिंबा दिलाय. मिनल, तुझ्या त्या काकूंना सांग, या वेळी पर्यायी नाही, पहिल्या फेरीसाठीच नाव द्या.

मिनल_एम

ताई, काकूंना आजच फोन केला. त्या गोदामात शिफ्टमध्ये काम करतात, म्हणाल्या सुपरवायझरला विचारून सांगते. पत्रकाचा मसुदा मला पाठवाल का? आमच्या कॉन्फरन्समध्येही मेच्या आत बैठक घ्यायची तर आताच तारीख ठरवायला हवी.

सुवर्णा_शार्लट

पाठवते. मसुद्यात पाळकसाहेबांचा ज्युरिस्डिक्शनचा मुद्दा आणि हरारेकरांचा व्हिसाचा मुद्दा घातलाय. पर्यायी यादीतल्यांनीही पासपोर्टची मुदत तपासून ठेवावी, ही एक ओळ कुणीतरी वाढवा म्हणालं होतं, ती पण घालते. पुढची जनरल कॉन्फरन्स मिनिआपोलिसला आहे, म्हणून अमेरिकेतल्यांना पासपोर्ट लागणार नाही, पण हे पत्रक फिलिपिन्समधल्या एका ओळखीच्या मंडळीकडेही जाणार आहे.